किल्लेदाराच्या गळ्यातली लेस

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी कॉन्व्हेंटातून कायमची घरी आले, तेव्हा माझ्या ट्रंकेतली सगळ्यात जड वस्तू म्हणजे एक शिवण उसवलेलं इंग्रजी पुस्तक होतं. वाचनालय झाडताना सिस्टरनी ते रद्दीच्या ढिगात टाकलं आणि मी ते मागून घेतलं. मागून घेतलं म्हणजे ढिगापाशी जाऊन उभी राहिले. इतका वेळ उभी राहिले की शेवटी सिस्टरच म्हणाल्या, "घेऊन जा बाई, नाहीतर तुलाही सुतळीने बांधावं लागेल."

पुस्तकात युरोपातल्या तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या तसबिरी होत्या. राजे, राण्या, व्यापारी, त्यांच्या बायका, आणि मोठ्यांसारखेच कपडे घातलेली रडवेली मुलं. प्रत्येक चित्रावर पातळ कागद होता आणि तो उचलला की आधी चेहरा दिसायचा नाही, कॉलर दिसायची. काहींची कॉलर मानेभोवती ताटासारखी गोल, चुण्याचुण्यांची. डोकं त्या ताटात आणून ठेवल्यासारखं. काहींची खांद्यांवर पसरलेली, टोकाटोकाला दाते असलेली, आणि चित्रकाराने प्रत्येक दात्यातलं प्रत्येक भोक रंगवलेलं. एका व्यापाऱ्याच्या बायकोच्या कॉलरीला डावीकडे एक दाता कमी होता. विणणारीच्या हातून राहिला असणार, आणि चित्रकाराने तो भरून न काढता तसाच ठेवला होता. हे मला सापडलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला. सांगणार कुणाला? मामेबहिणीला सांगितलं.

मामेबहीण माझ्याच वयाची, शेजारच्या वाडीत राहणारी. माझ्या वाट्याचंही तीच बोलायची. आम्ही दोघी दुपारी केळीच्या बागेत पाटाच्या कडेला पुस्तक उघडून बसायचो.

"ही बाई जेवत कशी असेल?" ती म्हणायची.

"चमच्याला लांब दांडा असेल."

"आणि नाक खाजलं तर?"

"नोकर असेल त्याला."

"नोकराची कॉलर आडवी आली तर?"

मग आम्ही हसायला लागायचो ते पोटात दुखेपर्यंत. घरी मी अशी हसते हे कुणाला ठाऊक नव्हतं. घरी मी खाली मान घालून वावरणारी मुलगी होते. पाहुणे आले की मला माझ्या पायांची बोटं फार महत्त्वाची वाटायला लागायची. आणि म्हणूनच मला त्या कॉलरींचं वेड लागलं होतं. पुस्तकातला एकही माणूस खाली बघत नव्हता. बघूच शकत नव्हता. हनुवटीखाली लेस होती.

त्या उन्हाळ्यात खाली बघणं मला महागात पडणार होतं. मला शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी मुंबईला ट्रेनिंग कॉलेजात जावं लागणार होतं, वसतिगृहात राहावं लागणार होतं. हे मी वडिलांना चिठ्ठीवर लिहून कळवलं, समोर बोलायचं धैर्य नव्हतं म्हणून. वडील बागायतदार, दिवसभर केळीत आणि पानवेलीत. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि जेवताना म्हणाले, "चार पाहुण्यांसमोर जी तोंड उघडत नाही, ती चाळीस पोरांसमोर काय करणार? चिठ्ठ्या वाटणार? आधी मला लोकांसमोर बोलून दाखव. मग बघू."

आई म्हणाली, "अहो, पोर आहे."

"म्हणूनच म्हणतो. तिकडे जाऊन रडत परत आली तर मलाच आणायला जावं लागेल."

यात राग नव्हता. वडील तसे सौम्य होते. पण अट ती अट.

संधी आली ती मे महिन्यातल्या सणाच्या निमित्ताने. गावच्या चर्चच्या सणाला दरवर्षी मुलगे नाटक करायचे आणि दरवर्षी त्यात एकाची मिशी पडायची. त्या वर्षी फादर म्हणाले, यंदा मुली करतील, सगळ्या भूमिका मुलीच करतील. प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी नाटक लिहिलं. वसईच्या किल्ल्यातल्या एका पोर्तुगीज किल्लेदाराला किल्ला सोडून जायचा हुकूम येतो आणि तो गावकऱ्यांचा निरोप घेतो, एवढीच गोष्ट. मामेबहीण स्वयंपाकीण झाली, कारण सगळे विनोद स्वयंपाकिणीच्या तोंडी होते. मी सगळ्यांत उंच म्हणून किल्लेदार झाले. गुरुजींनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि किल्लेदाराची वाक्यं कमी करत करत अकरावर आणली.

मग पोशाखाची गोष्ट निघाली. गुरुजी म्हणाले, मामांचा लग्नातला काळा कोट, कमरेला पट्टा, डोक्याला टोपी, झालं.

"त्याच्या गळ्यात लेस पाहिजे," मी म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मला वाटतं, तो आवाज कुणाचा हे त्यांना लगेच कळलं नाही.

"पुरुषाच्या गळ्यात?" गुरुजींनी विचारलं.

मी मान डोलावली. मामेबहीण म्हणाली, "हिच्याकडे पुस्तक आहे गुरुजी. सगळे बाप्ये लेस घालून बसलेत. राजेसुद्धा. कुणी हसत नाही त्यांना."

"मग करा बाई तुम्हीच," गुरुजी म्हणाले.

अशी ती कॉलर मी करायला घेतली. क्रोशा कॉन्व्हेंटात शिकलेच होते. पण पुस्तकात विणकामाची पद्धत दिलेली नव्हती, नुसती चित्रं. मामांचं वाचायचं भिंग आणून मी एका दर्यावर्दी सरदाराच्या कॉलरीतली भोकं मोजली. रुंदी किती ठेवायची ते कळेना, तेव्हा मामेबहिणीने चित्रावर बोट ठेवून पाहिलं: कॉलर जेवढी रुंद, तेवढाच वरचा चेहरा लांब. मग तिने टेप घेऊन माझा चेहरा मोजला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि म्हणाली, "घोड्याचा एवढाच असतो." मी हसले आणि टेप नाकावरून घसरली. पुन्हा मोजलं.

दोरा माझ्या उशांच्या अभ्र्यांसाठी आईने आणून ठेवलेला होता. तो मी न विचारता घेतला. पुरुषाच्या गळ्यासाठी लेस विणते आहे, हे घरात समजावून सांगण्यापेक्षा लपवून विणणं मला सोपं वाटलं. पहाटे सगळे उठायच्या आत, दुपारी सगळे आडवे झाले की. कुणी खोलीत आलं की मी ते काम पदराखाली घ्यायचे.

आणि एक विचित्र गोष्ट घडायला लागली. कुणी काही विचारेना. आई खोलीत यायची, पांढरा दोरा बघायची आणि पाऊल न वाजवता परत जायची. एकदा दोरा संपत आला तर सकाळी माझ्या उशाशी नवं रीळ. आत्या आमच्याकडेच राहायची. लग्न होऊन ती भातशेतीच्या गावात गेली होती, विधवा होऊन परतली ती तिथलं बोलणं घेऊन. चर्चच्या वेदीची वस्त्रं धुणं, खळ लावणं, इस्त्री करणं हे तिचं काम. तिच्या नजरेतून कपड्यावरचा डाग कधी सुटला नाही, पण तीसुद्धा माझ्या हातातल्या लेसकडे बघून नुसती म्हणाली, "पानी पी गो मधेमधे. डोळे जातात." वडील तर एकदा दारात थांबले, घसा साफ केला, आणि काहीच न बोलता पानवेलीत निघून गेले.

माणसं अशी शहाण्यासारखी वागायला लागली की मला भीती वाटते. पण मला वाटलं, बरंच झालं.

कॉलर पुरी झाली ती सणाच्या तीन दिवस आधी. खळ लावायला मामेबहिणीकडे गेलो. भाताच्या घट्ट पेजेत ती बुचकळली आणि चुण्या पाडायला पपईचे देठ कापून आणले. पपईचा देठ बोटाएवढा जाड, गुळगुळीत आणि पोकळ. एक चुणी देठाच्या वर, एक खाली, अशी सगळी कॉलर देठांत गुंफून उलट्या टोपलीवर उन्हात ठेवली. तासाभराने बघतो तर कोंबडी टोपलीवर चढून पेज टिपत होती. मामेबहीण तिच्यामागे अंगणभर धावली. एका जागी चोच लागली होती. तिथला एक दाता मला कापून टाकावा लागला आणि तो डावीकडचाच होता. त्या व्यापाऱ्याच्या बायकोची कोंबडीही अशीच असेल, असं मामेबहिणीने म्हटलं आणि त्यावर आम्ही इतक्या हसलो की मामी बाहेर येऊन विचारू लागली, कोण मेलं का रडायला.

सुकल्यावर देठ काढले. कॉलर पांढरीशुभ्र, कडक, आपल्या पायांवर उभी राहणारी अशी झाली होती. मी ती घालून पाहिली. हनुवटी आपोआप वर गेली. समोर आरशात कुणीतरी उभं होतं, आणि ते माझ्याकडे सरळ बघत होतं. मी घरी आणून ती कपाटाच्या वर ठेवली, धुतलेल्या चादरीत गुंडाळून.

सणाच्या दिवशी सकाळी चादर होती, कॉलर नव्हती.

मी कपाट शोधलं, पलंगाखाली शोधलं, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा बघून आले. कुणाला विचारणार? घरात सगळे नवे कपडे घालून चर्चला निघाले होते आणि माझ्याकडे बघून हसत होते, मायेने. चर्चमधली मिस्साची प्रार्थना मी कशी ऐकली ते आठवत नाही. मग मिरवणूक निघाली. पुढे बँड, मग क्रूस, मग पांढऱ्या कपड्यांतली मुलं, आणि मग चार जणांच्या खांद्यांवर आमच्या गावच्या संताची लाकडी मूर्ती.

संताच्या गळ्यात माझी कॉलर होती.

मूर्ती जुनी, जेमतेम तीन फूट उंच. माझ्या मापाची कॉलर तिला खांद्यांच्या बाहेर पसरून बसली होती. लालसर लाकडी गाल, बारीक दाढी आणि खाली तो पांढरा चुण्यांचा घेर. संत माझ्या पुस्तकातून नुकताच उठून आल्यासारखा दिसत होता. खांदेकऱ्यांचं पाऊल पडेल तशी कॉलर वर-खाली व्हायची आणि संत मान डोलवून गावाची चौकशी करतोय असं वाटायचं.

मामेबहिणीने माझा दंड धरला. "तो छान दिसतोय," ती पुटपुटली. "तुझ्यापेक्षा."

मला हसू येत होतं. मिरवणुकीत हसायचं नाही म्हणून मी रुमाल तोंडावर दाबला, तर शेजारच्या बायकांना वाटलं की मी रडते आहे. एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "ऐकेल गो तो. एवढं केलंस, ऐकेलच."

तेव्हा मला उमगलं. आमच्याकडे नवस बोलायची एक रीत आहे. कुणी वेदीसाठी किंवा संताच्या मूर्तीसाठी लेस विणून देतं, कुणी फुलांची चादर. पण ज्याने नवस केला त्याला तो पुरा होईपर्यंत कुणी काही विचारत नाही. विचारलं की नवस हलका होतो असं मानतात. गप्प राहणारी मुलगी, लपवून विणलेली पांढरी लेस, मधोमध भोक असलेला गोल घेर. आमच्या घरात याचा दुसरा अर्थ लागणंच शक्य नव्हतं. दोन महिने सगळं घर माझा नवस सांभाळत होतं. मी लाजते, देताना अडखळेन, म्हणून शेवटची पायरी आत्या माझ्यासाठी चढली होती, कॉलर तिनेच नेऊन संताला घातली होती.

मिरवणूक संपल्यावर वडील माझ्याजवळ आले. नव्या सदऱ्यात त्यांना घाम आला होता.

"मुंबईसाठीच केलास ना नवस?" त्यांनी विचारलं.

मी पायांच्या बोटांकडे पाहिलं.

"माझ्याशी बोलायचं सोडून देवाशी बोललीस," ते म्हणाले. "माझंच चुकलं. ती अट राहू दे. फॉर्म मागव."

मी गप्प राहिले. गप्प राहणं मला जन्मभर जमत आलं होतं, पण त्याने असं काही पदरात पडण्याची ही पहिलीच वेळ. तोंड न उघडता मुंबई मिळाली होती. मला आनंदाने उडी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी जमिनीत शिरावंसं वाटलं.

विचार करायला वेळ नव्हता. पाच वाजता नाटक होतं आणि किल्लेदाराचा गळा उघडा होता.

"संताकडून मागून आण," मामेबहीण म्हणाली.

"वेडी आहेस का?"

"मग माझा बाबा ताड छाटतोय मघापासून. चल."

मामा सणाच्या पाहुण्यांसाठी ताडगोळे उतरवत होते. खाली ताडाची पानं पडली होती. ताडाचं पान म्हणजे उघडलेला पंखा, आणि त्याला जन्मतःच चुण्या असतात. पपईचे देठ नकोत, पेज नको. आम्ही दोन पानं कात्रीने अर्धगोल कापली, दोऱ्याने टाचली, आणि हिरवा रंग झाकायला पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून फासला. लांबून पाहिलं तर खरंच लेस. जवळून पाहिलं तर ताडाचं पान.

पडदा वर गेला तेव्हा ऊन उतरत होतं आणि सगळं गाव चर्चच्या अंगणात जमिनीवर बसलेलं होतं. पहिल्या रांगेत फादर, वडील, आई, आत्या. मी मधोमध उभी. मामांचा काळा कोट, कमरेला पट्टा, गळ्यात ताड. शिपाई झालेल्या मुलीने हुकूम आणून दिला. तो घ्यायला मी मान वळवली आणि कॉलर कडकडली. साधी नाही, उंदीर कागद कुरतडतो तशी, आणि अंगणाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतकी.

कुणीतरी खुदकन हसलं. मी दुसरीकडे मान वळवली. पुन्हा कडकड, आणि या वेळी चुन्याची पांढरी भुकटी काळ्या कोटावर पडली. पहिल्या रांगेत आत्या शिंकली.

आता सगळे हसत होते. माझं डोकं रिकामं झालं. अकरा वाक्यांतलं एकही आत नव्हतं. मी सवयीने खाली बघायला गेले आणि ताडाच्या टोकाने हनुवटीला टोचलं. खाली बघता येत नव्हतं. म्हणून मी समोर पाहिलं. समोर सगळे माझ्या ओळखीचे लोक होते, तोंडं उघडी, डोळ्यांत पाणी, आणि त्यात एकही जण दुष्ट नव्हता. हे मी याआधी कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्यांच्या पायांपलीकडे माझी नजर कधी गेली नव्हती.

"हसा," मी म्हणाले. हे नाटकात नव्हतं. "मी चाललोय म्हणूनच हसताय ना? मी असताना कुणाची हिंमत होती?"

अंगण फुटलं. पडद्यामागे गुरुजींनी डोक्याला हात लावलेला मला दिसला. मामेबहीण पळी घेऊन आली आणि म्हणाली, "सरकार, हे गळ्यात काय घातलंय? मी तर तांदूळ पाखडायला सूप शोधत होते."

"हे आमच्या राणीने विणलंय."

"राणी ताडावर चढते होय?"

"आमच्याकडे सगळ्यांना चढावं लागतं."

यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं. मी मान वळवायची आणि लोक हसायचे. वळवायची नाही आणि लोक वाट बघायचे. वाट बघणाऱ्या लोकांसमोर गप्प उभं राहणं यात एवढी गंमत असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. अकरा वाक्यं कधीतरी आठवली, तीही बोलून टाकली. शेवटचं निरोपाचं भाषण मी केलं तेव्हा आत्या खरोखर रडली. चुना डोळ्यांत गेला होता असं ती नंतर म्हणाली.

घरी निघालो तेव्हा दिवस मावळत होता. आई आणि आत्या पुढे गेल्या. मी आणि वडील केळीच्या बागेच्या वाटेने मागून चाललो होतो. माझ्या मानेवर चुन्याने लाल चट्टे उठले होते आणि डोकं अजून हलकं होतं, नाहीतर मी बोलले नसते.

"बाबा, तो नवस नव्हता."

ते थांबले.

"ती लेस या नाटकासाठी केली होती. किल्लेदाराच्या गळ्यासाठी. आत्याने नेली ते मला माहीत नव्हतं. सकाळी मी सांगायला हवं होतं."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी पण बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते एका केळीला धरून पोट दुखेपर्यंत हसत होते. आमच्या घरात फक्त मीच तशी हसते असं मला वाटायचं.

"किल्लेदाराची," ते म्हणाले. "आणि फादरनी तिला धूप दाखवला." मग डोळे पुसून गंभीर झाले. "आत्याला सांगू नकोस. तिने अर्ध्या गावाला सांगितलंय की पोरीने नवस केला. आत्ता नाटकानंतर तर ती म्हणत होती की नवस फळला, पोर बोलायला लागली."

"मग मुंबईचं?"

"नवस नव्हता ना? मग अट आहेच."

ते चार पावलं चालून गेले, मग म्हणाले, "ती तू मघाशीच पुरी केलीस. पण तो फॉर्म इंग्रजीत असणार. आला की सगळ्यांना बसवून वाचून दाखवायचा. मराठीत. मला कळल्याशिवाय मी कशावर सही करत नाही."

पंधरा दिवसांनी फॉर्म आला. ओटीवर वडील, आई, आत्या, मामा-मामी, मामेबहीण आणि ऐकून आलेल्या शेजारच्या दोन बायका बसल्या. मी उभी राहिले. एकेक रकाना आधी इंग्रजीत वाचायचा, मग मराठीत सांगायचा. उंचीपाशी मामेबहीण म्हणाली, चेहऱ्याची वेगळी लिहायची का. वजनापाशी आत्याने मला थांबवलं.

"वजन कशाला पायजे त्यांना? कोन विचारतं असं?"

"जेवायला किती लागेल ते बघत असतील," मामी म्हणाली.

"मग जास्तच लिही गो," आत्या म्हणाली.

वडिलांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "तिला बोलू द्या," ते म्हणाले. "पुढचं वाच. जरा मोठ्याने, मागच्यांना ऐकू जात नाही."

मी घसा साफ केला आणि पुढचा रकाना वाचला.